गरीबखान्याचा नकाशा

शके १८२२, वैशाख. इंग्रजी हिशेबाने १९०० सालचा मे महिना. मोर्शीबाहेर दमयंती नदीच्या पात्रात तुम्ही उभे आहात आणि पायाखाली पाणी नाही, तापलेली वाळू आहे. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसतो. हा तालुका संत्र्यांसाठी ओळखला जायला अजून अवकाश आहे. नळ-दमयंतीचं नाव लावून सिंभोऱ्याला वर्धेवर धरण उभं राहायलाही बरीच वर्षं आहेत. आज काठावर एक हडकलेली गाय आडवी पडली आहे आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही, कारण अशा गायी सगळ्या वाटेवर आहेत.

तुम्ही पाच एकरांचे कास्तकार. मृगात पेरलं, थोडं उगवलं, उगवलं तेही करपलं. मग ढोरं गेली. मग भांडी गेली. चैत्रात डोंगराकडे जाऊन मोहाची फुलं वेचून आणली, ती संपली. आता बायको आणि सहा वर्षांचं पोट्टं बरोबर घेऊन निघाला आहात. लोक याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात, विक्रम संवत १९५६ चा.

जाता जाता एका मोठ्या वाड्याच्या अंगणात वाका आणि खाली बघा. हे पेव. पांढरीच्या घट्ट मातीत खोदलेली, वर अरुंद आणि आत पोट सुटलेली विहीरच म्हणा. बुडाला आणि कडेला कडब्याचं अस्तर, भुसा, त्यावर ज्वारी, आणि तोंड मातीने लिंपून बंद. आत वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. उघडल्यावर लगेच कोणी उतरायचं नाही, आधी दिवा दोरीने खाली सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा मारक आहे, थांबायचं. आमच्या मुलखातली दुष्काळासाठी बांधलेली खरी इमारत ही होती, आणि ती जमिनीच्या पोटात होती. तुम्ही बघताय ते पेव मात्र रिकामं आहे. १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला अद्भुत भाव आला, काळ्या रानात ज्वारीच्या जागी पऱ्हाटी उभी राहिली. दाणा पेवात जायच्या ऐवजी बाजारात जाऊ लागला. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड, असं सगळे म्हणत. इथे दुष्काळ पडत नाही, असा सरकार दरबारीही समज होता. १८५३ पासून हा मुलूख नावाला निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. मालक दोन, पण पेव भरून ठेवण्याची चिंता दोघांपैकी एकालाही नव्हती.

तुम्ही आधी दुष्काळी कामावर गेलात. खडी फोडायची, रस्त्याच्या कडेला ढीग मोजून द्यायचे, ढिगावर मजुरी. काम घरापासून लांब असतं, आणि ते लांब असण्यामागे विचार आहे. १८७७ सालच्या दुष्काळात मुंबई-मद्रास इलाख्यांत दहा मैलांची अट घालून पाहिली गेली: ज्याला खरंच गरज आहे तो चालत येईल आणि तिथेच झोपेल. त्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या माणसाचा दिवसाचा आहार एक पौंड धान्यावर आणून बघितला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी चक्क काम सोडून दिलं. पुढे मजुरी सुधारली, पण परीक्षेची कल्पना टिकली. हात चालत होते तोवर तुम्ही ती परीक्षा दिलीत. परवा हातोडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मुकादमाने तुमचं नाव कमी केलं. आता तुमच्यासाठी एकच जागा उरली आहे, गरीबखाना.

तो कुठल्या गावाबाहेरचा, हे सांगण्यात अर्थ नाही. वऱ्हाडात कुठेही गेलात तरी त्याची मांडणी सारखीच सापडेल, कारण ती गावातून आलेली नाही, पुस्तकातून आलेली आहे. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला. त्यावरून १८८३ मध्ये नमुन्याची दुष्काळ संहिता तयार झाली, आणि प्रांतोप्रांती तिच्या आवृत्त्या निघाल्या. जागा गावाबाहेर आणि उंचवट्यावर हवी, पाणी जवळ हवं, सभोवार कुंपण आणि आत जायला एक वाट. तुम्ही चालताय ती वाट कागदावर आधीच आखलेली आहे.

फाटकाशी बसलेला चौकीदार तुमच्याच बोलीत विचारतो.

"कोन्या गावचा?"

तुम्ही सांगता.

"जमीन हाय का?"

"हाय. पाच एकर."

"मंग एथी काऊन आला?"

यावर काय बोलावं? आजवर तुमच्या दारात सुगीला बलुतेदार यायचे आणि तुम्ही त्यांना पेंढ्या मोजून द्यायचात. कारकून मान वर न करता नाव, बापाचं नाव, जात, गाव लिहितो. बायकोचं नाव वेगळ्या पानावर. पोरगं तिच्या पदराला धरून आहे, म्हणून ते तिच्या पानावर.

फाटकातून आत आल्याबरोबर पहिली झोपडी नव्या माणसांची. काही दिवस इथेच राहायचं, बाकीच्यांत मिसळायचं नाही. हॉस्पिटल असिस्टंट डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघतो, जीभ बघतो, पोटरी दाबतो. बोट काढल्यावर खळगा तसाच राहतो. त्याची मान हलते. तुम्हांला भाकर मिळणार नाही, कण्यांची पातळ पेज मिळेल. हे मात्र शहाणपणाचं आहे. फार उपाशी राहिलेल्या पोटात एकदम भाकर गेली तर माणूस खाता खाता दगावतो, हे या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आंघोळ घालतात, अंगावरचं फाटकं काढून जाडंभरडं कापड देतात.

आता भिंत नीट बघा. बांबूच्या मेढी पुरल्या आहेत, त्यांच्यामध्ये बांबूचे तट्टे बांधले आहेत, काही ठिकाणी पऱ्हाट्यांचा कूड आणि वर मातीचा हात. छपरालाही तट्टेच आणि वर विरळ गवत. गवत विरळ का, ते तुमच्यासारख्या कास्तकाराला सांगावं लागत नाही. छपरावर गेलेली प्रत्येक पेंढी कुठल्या तरी जित्या बैलाच्या तोंडून काढलेली आहे. दुपारचं ऊन फटींमधून आत येतं आणि जमिनीवर पट्टे पडतात. हात लावला तर भिंत हलते. तरीही या भिंतीपलीकडे जाता येत नाही. पलीकडे बायकांची पडवी आहे, तुमची बायको आणि पोरगं तिथे आहेत, आणि पोराच्या खोकल्याचा आवाज तुम्हांला ओळखू येतो.

मला या नकाशाचा राग येतो तो इथे. उपासमारीने अधमेल्या माणसाला बायकोपोरांपासून तोडण्याने धान्य वाचत नाही, रोग थांबत नाही, हिशेबही सोपा होत नाही. ही भिंत दुष्काळातून आलेलीच नाही. ती कुठून आली ते बघायला क्षणभर समुद्रापलीकडे चला.

इंग्लंडात १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. धडधाकट गरिबाला घरबसल्या मदत द्यायची नाही, हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये यावं. आणि तिथलं जिणं बाहेरच्या सगळ्यांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा हलकं असावं, म्हणजे गरज नसलेला येणारच नाही. या विचाराला विटांचं शरीर दिलं सॅम्पसन केम्पथॉर्न नावाच्या तरुण वास्तुविशारदाने. त्याचे नमुना आराखडे १८३५ मध्ये छापले गेले. मध्यभागी व्यवस्थापकाची जागा, तिथून निघणाऱ्या लांब पाखा, पाखांच्या मध्ये बंदिस्त अंगणं: पुरुषांचं, बायकांचं, मुलग्यांचं, मुलींचं. मधल्या खिडक्यांतून चारी अंगणांवर नजर. नवरा एका अंगणात, बायको दुसऱ्या, लेकरं तिसऱ्या. तुम्ही वऱ्हाडातल्या त्या पडवीत पडलात त्याच्या दोनच वर्षं आधी लंडनमधल्या लॅम्बेथच्या वर्कहाउसात नऊ वर्षांचा एक मुलगा आईपासून असाच वेगळा काढला गेला होता. चार्ली चॅप्लिन. तीच लॅम्बेथची वास्तू पुढे रुग्णालय झाली, आणि तिच्यातल्या व्यवस्थापकाच्या घरात आज चित्रपटांचं संग्रहालय आहे. १९४८ साली ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा अशी कितीतरी वर्कहाउसं रुग्णालयं म्हणून तिच्याकडे आली. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना त्या दारातून आत जायची भीती वाटे, दारावरची पाटी बदलली तरी.

वऱ्हाडातली भिंत तट्ट्यांची, तिथली विटांची. दोन्हींमधला संशय एकच.

परत या. रात्र आहे. कुंपणाच्या दूरच्या टोकाला एक झोपडी वेगळी आहे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तिथे पटकीचे रोगी. दिवसा तुम्ही विहिरीवर पाणी ओढताना पाहिलं असेल की पाणी गुलाबी आहे. आग्र्याच्या प्रयोगशाळेतल्या हॅन्किन यांनी गेल्या दशकात ही रीत पाडली: विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायचं. बाया म्हणतात, विहीर बाटवली. असिस्टंट समजावून दमतो. तो रात्रंदिवस त्या लांबच्या झोपडीत जाऊन येतो, आणि त्याच्या अंगात भीती नाही असं नाही, हात धुताना ती दिसते. न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे: या झोपड्यांनी माणसं वाचवली. संहिता नव्हती तेव्हाच्या दुष्काळांत रस्त्याच्या कडेला मेलेल्यांची गणतीही कुणी केली नाही. इथे निदान नाव लिहिलं जातं.

ज्यांना थोडी ताकद आली त्यांना बसल्या जागचं काम देतात, दोर वळायचा, दळायचं, सूत कातायचं. अजून ताकद आली की परत खडीवर. स्वयंपाकघर वेगळं, आणि जेवायच्या पंगती जातीजातीच्या. डोंगराकडून उतरून आलेली कोरकू कुटुंबं सगळ्यांत शेवटी, कुंपणाला टेकून बसतात. मेळघाटाला हा दुष्काळ फार जड गेला.

पाऊस पडला की हे सगळं नाहीसं होईल. माणसांना बियाण्याला आणि वाटखर्चाला काही देऊन गावी पाठवतील, तट्टे उपटतील, पटकीची झोपडी पेटवतील. म्हणूनच वऱ्हाडात दाखवायला गरीबखाना उरलेला नाही. त्याची जागा दाखवणारा दगडही तुम्हांला सापडणार नाही. उरली ती खानेसुमारी. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये २७ लाख ५४ हजार.

आता पुढे चला, आणि वेगळं शरीर घ्या. १९४६ नंतरची वर्षं, अमरावती शहराच्या बाहेर. तुमच्या बोटांना स्पर्श कळत नाही, कानाच्या पाळ्या जाड झाल्या आहेत, घरच्यांनी ताट वेगळं केलं आहे. तुमच्यासारख्यासाठी सरकारने १८९८ सालीच कायदा करून ठेवला होता. त्या कायद्याची धाड मुख्यतः गरीब महारोग्यावर. उघड्यावर भीक मागताना सापडला तर त्याला पकडून आश्रमात डांबता येत होतं. घर-पैसा असलेला महारोगी आपल्या घरी राहू शकत होता. रोग एकच, पण फाटक गरिबालाच. हा कायदा पुस्तकातून निघायला २०१६ उजाडलं.

तुम्ही मात्र पकडून आणलेले नाही, चालत आला आहात. ही जागा तपोवन. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, दाजीसाहेब, होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग पाहिलेला माणूस. १९४६ मध्ये त्यांनी जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण १९३६ पासून हेच काम करत होते, आणि थोड्याच वर्षांत वरोऱ्याला बाबा आमटे आनंदवन उभारणार होते. विदर्भाच्या तीन कोपऱ्यांत एकाच प्रश्नाला तीन माणसांनी हात घातला, याचा मला फार अभिमान आहे.

तपोवनातही रुग्णालय आहे आणि कामाच्या जागा आहेत. म्हणजे कागदावर बघाल तर वर्कहाउसच! आजारी माणूस, काम, अन्न, निवारा, सगळं एका आवारात. पण मागावर बसा. शेजारचा माणूस तुम्हांला धोटा कसा धरायचा ते दाखवतो. त्याची दोन बोटं आखडलेली आहेत, तो धोटा तळहाताच्या कडेने ढकलतो आणि तुम्हांलाही तसंच करायला सांगतो. "कापड इकलं जाते बरं हे," तो म्हणतो, "नीट इन." गरीबखान्यात दोर वळायला दिला तो तुम्ही खरंच लाचार आहात का ते पाहण्यासाठी. इथे कापड विणायला दिलं ते कोणी तरी विकत घेईल म्हणून. विणीतली चूक इथे कुणीतरी दाखवतं, कारण गिऱ्हाइकाला ती चालणार नाही. आणि आपलं काम गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरावं लागतं ही गोष्ट तुम्ही घर सोडल्यापासून विसरला होतात. पुढच्या काही वर्षांत डॅप्सोनच्या गोळ्या येतील आणि रोग बरा होऊ लागेल. हातांना काम मात्र गोळ्यांच्या आधीच मिळालं.

अजून एक मुक्काम. १९७३ चा उन्हाळा, मराठवाडा. पुन्हा दुष्काळ आहे, पुन्हा खडी आहे, पुन्हा हातोडा. लाल मिलोची भाकर घशाखाली उतरत नाही, पोरांच्या हातात सुकडीचे पुडे आहेत. त्या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती: पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. हाल होते, मजुरी थकायची, मुकादम खोटी मापं लिहायचे. पण सूर्य कलला की बघा काय होतं ते. घमेली उपडी पडतात, बाया पोरांना कडेवर घेतात, आणि रस्त्याने लोकांची रांग लागते. आपापल्या गावाकडे. आपापल्या घरी. कुणी विचारलेलं नाही की तुम्ही इथेच झोपाल का. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी पुढे १९७७ च्या कायद्यात आली. २००५ च्या देशव्यापी कायद्याने पाच किलोमीटरच्या आत काम देण्याचं बंधन घातलं, त्याहून लांब नेलं तर मजुरी दहा टक्क्यांनी जास्त, आणि कामावर सावली, पाणी, पाळणाघर. दहा मैल चालवून गरज तपासणाऱ्या विचाराला दिलेलं हे उत्तर आहे, आणि यात इमारतच नाही. नवरा-बायको-पोर रात्री एका छपराखाली. माझ्या मते गरीबखान्याचा याहून चांगला नकाशा अजून कुणी काढलेला नाही.

तुम्हांला वाटेल, संपली ती गोष्ट. तर मग आजच्या मोर्शीहून निघा. आईला कर्करोग निघाला आहे, इथल्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. तुम्ही परळच्या कर्करोग रुग्णालयात आलात. आईला तपासलं, पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची. लॉजचं भाडं परवडत नाही. पिशवीत चादर, रिपोर्टांची फाइल, घरून आणलेला चिवडा. रात्री झोपायचं कुठं?

आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला एक माणूस हा प्रश्न ओळखून होता. छप्पनच्या दुष्काळात हे डेबूजी चोवीस वर्षांचे होते, दापुऱ्याला मामाच्या शेतात राबत होते. १९०५ साली घर सोडलं आणि गाडगेबाबा झाले. स्वतः झाडाखाली राहिले, पण लोकांसाठी धर्मशाळा बांधत सुटले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांतलीच, जिथे मंदिराबाहेर ठेवलेल्यांना छप्पर मिळालं. बाबांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना जागा देते. तिथे आईजवळ मुलगा झोपू शकतो. पण दादरची खोली मिळण्याआधी रांग आहे, आणि रांगेत असलेली माणसं फुटपाथवर आहेत.

त्या फुटपाथवर लागू असलेला कायदा १९५९ चा आहे, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा. त्यातली भिकाऱ्याची व्याख्या वाचा. हात पसरलाच पाहिजे असं तिथे नाही. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसणं, आणि भीक मागून जगत असावा असं वाटेल अशा तऱ्हेने सार्वजनिक जागी राहणं वा भटकणं, एवढंही त्या व्याख्येत बसू शकतं. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, आणि तिथे काम करायला लावता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये या कायद्यातली शिक्षेची कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात तो पुस्तकावर आहे, आणि मुंबईत चेंबूरला त्याचं भिक्षेकरी गृह आहे.

आपल्या विधिमंडळाने हा कायदा रद्द करावा. आणि त्या गृहांच्या इमारती, पडव्या, विहिरी, स्वयंपाकघरं पाडू नयेत. मधल्या भिंती तेवढ्या काढाव्यात आणि आजारी माणसांना घेऊन मोर्शीहून, मेळघाटातून, कुठूनही आलेल्यांना तिथे आपल्या माणसाशेजारी अंथरूण टाकू द्यावं.